अभिधेचे हसू : संगणकतज्ज्ञांच्या विडंबनपर लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील विनोदमीमांसेला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. न. चिं. केळकरांच्या ‘सुभाषित आणि विनोद’ या ग्रंथापासून विनोदाच्या स्वरूपाची चर्चा सातत्याने होत आली असून विसंगती, अतिशयोक्ती, उपरोध, उपहास, विडंबन या संज्ञा समीक्षेत स्थिरावल्या आहेत. मात्र ही चर्चा बहुतांशी ललित साहित्याभोवती फिरत राहिली. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, रेल्वे कर्मचारी अशा व्यवसायगटांच्या आत जन्मणारा आणि तेथेच विरणारा विनोद तिच्या कक्षेत क्वचितच आला. याचे एक कारण उघड आहे. असा विनोद प्रायः मौखिक असतो आणि चहाच्या पेल्याबरोबर तो संपतो.

संगणकतज्ज्ञांचा विनोद या नियमाला अपवाद आहे. त्याने स्वतःची लिखित, दिनांकित आणि क्रमांकित कागदपत्रे मागे ठेवली आहेत. संगणक, संगणकीय खेळ आणि तांत्रिक कोडी यांत रमणाऱ्या या वर्गाला इंग्रजीत ‘गीक’ म्हणतात. त्यांच्या थट्टामस्करीकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. काहींना ती पोरकट वाटते, तर काहींना दुर्बोध. या दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही मते या लेखनाच्या रचनेपर्यंत पोहोचत नाहीत. हा विनोद कोणत्या तत्त्वावर उभा राहतो, तो कोणाला हसतो आणि त्या हसण्याचे परिणाम काय होतात, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात निवडक संहितांच्या आधारे केला आहे.

मानकाचे वृत्त आणि विडंबन

इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या दस्तऐवजांत नोंदवले जातात, त्यांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ किंवा संक्षेपाने ‘आरएफसी’ असे म्हणतात. या मालेतील पहिला दस्तऐवज स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिला. ‘अभिप्राय मागविण्यासाठी केलेले निवेदन’ हे नाव नम्र असले, तरी काळाच्या ओघात या मालेला जवळजवळ शासकीय अधिकार प्राप्त झाला. विरोपाचे स्वरूप कसे असावे, एका संगणकाने दुसऱ्याशी संभाषण कसे सुरू करावे, चूक झाल्यास कोणता क्रमांक पाठवावा, हे सारे या माला ठरवीत आली आहे.

याच मालेत १ एप्रिल १९७८ रोजी मार्क क्रिस्पिन यांचा ७४८ क्रमांकाचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. दूरस्थ संगणकावर काम करण्याच्या ‘टेलनेट’ या पद्धतीत एक नवा पर्याय जोडावा, असे त्यात सुचविले होते. अनेक संगणक यदृच्छया बंद पडणे, माहिती गमावणे, आज्ञावली चुकीची चालवणे अशा ‘सेवा’ पुरवतातच. मात्र त्यांची कोठेही नोंद नसल्याने नवख्या माणसाचा गोंधळ होतो. तेव्हा या सेवा नको असल्यास बंद करण्याची अधिकृत सोय हवी, असा या प्रस्तावाचा आशय आहे. प्रस्तावाच्या मांडणीत, क्रमांकनात वा परिभाषेत कोठेही थट्टेची खूण नाही. दिनांक तेवढा बोलका आहे.

या प्रकाराला पूर्ण रूप आले ते डेव्हिड वाइट्झमन यांच्या १ एप्रिल १९९० च्या ११४९ क्रमांकाच्या दस्तऐवजात. इंटरनेटवरील माहितीची पॅकेटे पक्ष्यांमार्फत वाहून नेण्याचे मानक त्यात मांडले आहे. पॅकेट कागदाच्या छोट्या गुंडाळीवर छापावे, ती पक्ष्याच्या एका पायाला बांधावी, वजन सामान्यतः २५६ मिलिग्रॅमपर्यंत असावे, इत्यादी तपशील यथास्थित दिले आहेत. ही सेवा विलंबाची, अल्प क्षमतेची आणि कमी उंचीवरून चालणारी आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले आहे. पक्ष्यांमध्ये किडे शोधून नष्ट करण्याची अंगभूत व्यवस्था असते, असा एक लाभ येथे सांगितला आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ नावाच्या आज्ञावलीने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले होते, हे ज्यांच्या स्मरणात होते त्यांना या ‘किड्या’तील दुसरा अर्थ सांगावा लागला नसेल. हा श्लेष मराठीतही फारसा न मोडता उतरतो, हे विशेष.

आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ने मराठी वाचकाला विडंबनाचे एक सूत्र परिचित करून दिले. मूळ कवीचे वृत्त, शब्दकळा आणि लकब सांभाळायची व आशय मात्र खाली उतरवायचा, असे ते सूत्र आहे. वाइट्झमन यांचे लेखन याच जातीचे आहे. येथे वृत्ताची जागा मानकाच्या साच्याने घेतली आहे. प्रास्ताविक, पॅकेटाचे स्वरूप, चर्चा, सुरक्षाविषयक विचार, लेखकाचा पत्ता ही कलमे म्हणजे या प्रकारातील गण आणि यतीच होत. भरताने हास्यरसाच्या विभावांत विकृत वेषाची गणना केली आहे. या दस्तऐवजांत नेमके उलट घडते. वेष कमालीचा शुद्ध आहे आणि त्या वेषाच्या आत उभा असलेला आशय विकृत आहे. वेषाला जेथे सुरकुती पडते तेथे हसू ओसरते.

याचा पडताळा त्याच लेखकाच्या पुढील प्रयत्नात मिळतो. १ एप्रिल १९९९ च्या २५४९ क्रमांकाच्या दस्तऐवजात वाइट्झमन यांनी पक्षिसेवेला ‘दर्जा’ची जोड दिली. विमानप्रवासाच्या धर्तीवर श्रेणी आल्या, जड मालासाठी शहामृग आला, ससाण्याच्या पोटात अनवधानाने गेलेल्या पॅकेटांची दुर्दशा आली. एकेक कल्पना गमतीदार आहे. परंतु येथे मानक विनोदाची सेवा करू लागते. पहिल्या लेखात लेखकाला पक्ष्यांचे काही हसण्यासारखे वाटत आहे, असे एकदाही जाणवत नाही. दुसऱ्यात ते सतत जाणवते. विडंबनकाराने स्वतः हसू नये, हा जुना दंडक येथेही खरा ठरतो.

पहिल्या लेखाची खरी परीक्षा मात्र अकरा वर्षांनी झाली. नॉर्वेतील बर्गेन येथील लिनक्सप्रेमींच्या एका गटाने २८ एप्रिल २००१ रोजी हे मानक प्रत्यक्षात आणले. कबुतरांच्या पायांना बांधून नऊ पॅकेटे पाठविण्यात आली आणि चार उत्तरे परत आली. त्यांना लागलेला वेळ सुमारे ५४ मिनिटांपासून १ तास ४६ मिनिटांपर्यंत होता. पंचावन्न टक्के पॅकेटे गहाळ झाल्याची नोंद संगणकाने नेहमीच्या निर्विकार पद्धतीने छापली. विडंबनाची अंमलबजावणी शक्य व्हावी, हे ललित साहित्यात सहसा घडत नाही. येथे ते घडले, कारण लेखकाने नियम खोटे लिहिले नव्हते. त्याने खरे नियम अस्थानी लावले होते.

अभिधेचे राज्य

या विनोदाचे मूळ तत्त्व सांगण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील शब्दशक्तींची विभागणी उपयोगी पडते. मानवी व्यवहार अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तिन्ही शक्तींवर चालतो. “घरात मीठ नाही” या वाक्यातून “दुकानात जाऊन ये” हा अर्थ ऐकणारा काढतो. पारंपरिक आज्ञावलीला मात्र केवळ अभिधा कळते. लिहिले तेवढेच ती करते. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हा प्रश्न तिच्यापुढे नसतो. ज्या व्यवसायात दिवसाचे आठ-दहा तास अशा श्रोत्याशी बोलण्यात जातात, त्या व्यवसायाचा विनोद शब्द आणि तात्पर्य यांच्यातील दरीतून उगवावा, हे स्वाभाविक होय.

‘इंटरकॅल’ ही संगणकभाषा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील डॉन वूड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये ती रचली. इतर कोणत्याही भाषेशी साम्य असू नये, हा तिचा हेतू होता. बेरीज-वजाबाकीची नेहमीची चिन्हेही तीत नाहीत. तिच्या भाषांतरकाने मात्र एक सामाजिक अट घातली होती. आज्ञा देताना ‘कृपया’ या अर्थाचा ‘प्लीज’ हा शब्द पुरेशा वेळा न आल्यास, प्रोग्रॅमर पुरेसा विनम्र नाही म्हणून आज्ञावली नाकारली जाई. तो शब्द फार वेळा आल्यास अतिविनम्रतेच्या कारणावरून नकार मिळे. शिष्टाचार ही मुळात व्यंजनेच्या प्रांतातील गोष्ट. तिला मोजमापाच्या नियमात बसवले की काय उरते, हे या एका अटीने दाखवून दिले. कार्यालयीन पत्रव्यवहारात ‘सविनय’ आणि ‘आपला विश्वासू’ यांचे जे झाले आहे, त्याहून हे फार वेगळे नाही.

संगणकीय खेळांच्या आरंभकाळातही हेच तत्त्व दिसते. ‘अॅडव्हेंचर’ हा केवळ शब्दांनी चालणारा खेळ विल क्राउदर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास लिहिला. क्राउदर हे इंटरनेटपूर्व ‘आर्पानेट’च्या उभारणीत सहभागी झालेले प्रोग्रॅमर आणि गुहासंशोधनाचे छांदिष्ट होते. केंटकीतील मॅमथ गुहेचा भूगोल त्यांनी या खेळात आणला. १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी त्याचा विस्तार केला. या आवृत्तीत वाटेत एक भयंकर ड्रॅगन आडवा येतो. खेळाडूने त्याला मारण्याची आज्ञा दिली की खेळ उपरोधाने विचारतो की, हे काय नुसत्या हातांनी करणार? प्रश्न उघडच अलंकारिक आहे. कसलेला खेळाडू शस्त्राच्या शोधात माघारी फिरतो. परंतु कोणी सरळपणे ‘होय’ असे टंकित केले, तर नुसत्या हातांनी ड्रॅगन मारल्याबद्दल खेळ त्याचे अभिनंदन करतो.

या प्रसंगात व्यंजना ओळखणारा चतुर माणूस फसतो आणि अभिधेला धरून चालणारा भोळा माणूस जिंकतो. यंत्राच्या राज्यात शहाणपणाची उतरंड उलटी होते, हा अनुभव येथे एका अक्षरशः एकशब्दी उत्तरात साकार झाला आहे. इंटरकॅलचा कर्ता आणि ‘अॅडव्हेंचर’चा विस्तारकर्ता एकच असावा, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. काही मोजक्या विद्यापीठांच्या आणि प्रयोगशाळांच्या लहानशा वर्तुळात ही हास्यदृष्टी घडली आणि त्याच हातांनी ती भाषा, खेळ व मानके यांत पसरवली.

नियमाची थट्टा आणि नियमाचे ज्ञान

या लेखनाचा दुसरा विशेष म्हणजे त्यातील गंभीर टीका. स्टीव्हन बेलोविन यांनी १ एप्रिल २००३ रोजी लिहिलेला ३५१४ क्रमांकाचा दस्तऐवज याचे उत्तम उदाहरण आहे. प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षभागात एक बिट न वापरलेला राहिला होता. बेलोविन यांनी त्याला काम दिले. निरुपद्रवी पॅकेटांत त्याची किंमत शून्य असावी आणि दुष्ट हेतूने पाठवलेल्या पॅकेटांत एक असावी; संरक्षक भिंतीने ‘एक’ असलेली पॅकेटे अडवावीत, म्हणजे सुरक्षेचा प्रश्न मिटला. चोराने आपण चोर असल्याची नोंद करावी, एवढीच काय ती अपेक्षा. अर्जाच्या तळाशी ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ असे लिहून घेतले की माहिती सत्य झाली, असे मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला हा एक बिट लागू पडतो. बेलोविन स्वतः जालसुरक्षेचे मान्यवर अभ्यासक आहेत. पॅकेटाच्या आकृतीवरून त्याच्या हेतूचा निर्णय करता येत नाही, हा शास्त्रीय मुद्दा त्यांनी कोणताही प्रतिवाद न करता, केवळ उलट गृहीतक शेवटपर्यंत नेऊन सिद्ध केला आहे.

भाषेच्या दृष्टीने अधिक रोचक संहिता म्हणजे १ एप्रिल २०१३ चा ६९१९ क्रमांकाचा दस्तऐवज. मानकांमध्ये ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’, ‘करता येईल’ या अर्थाच्या शब्दांचे बल नेमके किती, हे १९९७ मधील २११९ क्रमांकाच्या दस्तऐवजाने निश्चित केले होते. मीमांसकांनी विधिवाक्यांचा जो सूक्ष्म विचार केला, त्याच्या जवळ जाणारा हा प्रयत्न होय. ६९१९ च्या लेखकांनी त्यात नव्या श्रेणींची भर घातली. त्यांतील एक श्रेणी अशी, की हे करणे अनिवार्य आहे, परंतु आपण ते करणार नाही हे आम्हांस ठाऊक आहे. परिपत्रके काढणाऱ्या आणि परिपत्रके स्वीकारणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयीन प्राध्यापकाला या श्रेणीचे स्पष्टीकरण लागणार नाही. विध्यर्थाच्या आत दडलेली हतबलता येथे व्याकरणाच्या पातळीवर उघड केली आहे.

या दोन्ही लेखांत हसणारा माणूस व्यवस्थेच्या आतला आहे आणि ज्यावर हसायचे ती त्याच्या स्वतःच्या हाताची निर्मिती आहे. अशा विनोदाला ‘स्वलक्ष्यी’ म्हणता येईल. त्याची गुणवत्ता लेखकाच्या ज्ञानाच्या प्रमाणात वाढते. मानक ज्याला लिहिता येत नाही, त्याला त्याचे विडंबनही साधत नाही.

एक क्रियापद, दोन दिशा

तथापि या परंपरेची दुसरी बाजू तपासल्याविना मूल्यमापन पूर्ण होणार नाही. त्यासाठी ‘जार्गन फाइल’ या शब्दसंग्रहाकडे वळावे लागते. स्टॅनफर्ड येथे राफेल फिंकेल यांनी १९७५ मध्ये तो सुरू केला. १९८३ मध्ये गाय स्टील आदी सहा संपादकांनी तो ‘द हॅकर्स डिक्शनरी’ या नावाने ग्रंथरूपात आणला आणि १९९१ मध्ये एरिक रेमंड यांनी ‘द न्यू हॅकर्स डिक्शनरी’ ही नवी आवृत्ती सिद्ध केली. येथे ‘हॅकर’ म्हणजे संगणकीय चोर नव्हे, तर यंत्राशी खेळत त्याचे मर्म जाणणारा कुशल माणूस. कोशाचा वेष घेतलेला हा मतांचा संग्रह आहे. व्याख्या देता देता संपादक आवडी-निवडी सांगत जातात. मानकाप्रमाणेच कोशाचा तटस्थ साचा हेही विनोदाचे साधन बनले आहे.

या वर्तुळाच्या बोलीत ‘लूझ’ हे क्रियापद यंत्र वा आज्ञावली अपयशी ठरण्यासाठी वापरले जाई. क्रिस्पिन यांच्या १९७८ च्या प्रस्तावाच्या नावात हाच शब्द आहे. तेथे हरणारी आहे ती यंत्रणा. तिची कबुली देणारा तिचाच एक कर्ता आहे. ज्याला त्रास होतो त्या नवख्या माणसाची बाजू, निदान वरकरणी, प्रस्तावात घेतली आहे. याच धातूपासून दुसरा एक शब्द निघाला. जार्गन फाइलने दिलेल्या हकिकतीनुसार एमआयटीतील एका संगणकावर प्रवेश करताना त्या वेळी किती ‘यूझर’ काम करीत आहेत, हे पडद्यावर दिसत असे. १९७५ च्या सुमारास कोणीतरी त्या जागी ‘लूझर’ म्हणजे ‘हरलेले’ असा शब्द घातला. त्यावरून वाद झाला आणि अखेर दोन्ही शब्दांचा संकर करून तडजोड झाली. तो संकरित शब्द पुढे सामान्य वापरकर्त्यासाठी तुच्छतादर्शक म्हणून रूढ झाला.

क्रियापद एकच, पण दिशा बदलताच अर्थाचे नीतिशास्त्र बदलले. पहिल्या प्रयोगात यंत्रणा हरते आणि तिचा कर्ता हसतो. दुसऱ्यात यंत्रणा निर्दोष ठरते आणि तिच्यापुढे बसलेला माणूस हरलेला ठरतो. १९८३ च्या कोशाच्या सहा संपादकांत क्रिस्पिन यांचेही नाव आहे. म्हणजे या दोन दिशा दोन वेगळ्या गटांच्या नाहीत. एकाच वर्तुळात, कित्येकदा एकाच लेखणीच्या आवाक्यात, त्या शेजारी नांदत होत्या.

‘कोबोल’ या भाषेची नोंद या संदर्भात वाचनीय आहे. कोशात ती दुष्टतेचा पर्याय म्हणून नोंदवली असून कंटाळवाणे, बुद्धिहीन काम करणाऱ्यांची भाषा असा तिचा उपहास केला आहे. कोबोलची रचना १९५९ पासून पुढे झाली. व्यापारी हिशेब पाहणाऱ्या, गणिती नसलेल्या माणसालाही आज्ञावली वाचता यावी, म्हणून तिची वाक्ये इंग्रजी वाक्यांसारखी ठेवली होती. तिच्यामागे ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या भाषेची प्रेरणा होती आणि तिच्या रचनासमितीत जीन सॅमेट यांच्यासारख्या स्त्रिया होत्या. कोशाचे सहाही संपादक पुरुष होते. भाषेच्या शब्दबाहुल्यावरील आक्षेप तांत्रिक म्हणून ग्राह्य असू शकतो. परंतु उपहासाचा रोख भाषेवरून ती वापरणाऱ्या कार्यालयीन माणसाकडे वळतो, तेव्हा तो व्यवसायातील श्रेष्ठकनिष्ठत्वाचा आविष्कार ठरतो. ज्या भाषेने दार उघडे ठेवले, तिचीच टर सर्वाधिक उडवली गेली, हे लक्षणीय आहे.

येथे ‘सहृदय’ या संकल्पनेचा प्रश्न उपस्थित होतो. प्रत्येक विनोदाला अधिकारी रसिक लागतो. ११४९ वाचण्यासाठी पॅकेट म्हणजे काय हे ठाऊक हवे, जसे ‘झेंडूची फुले’ वाचण्यासाठी रविकिरण मंडळाची कविता ठाऊक हवी. अशी पूर्वतयारी मागणे हा दोष नव्हे. ती तयारी नसलेल्या माणसालाच विनोदाचा विषय करणे, हा दोष होय. पहिल्या प्रकारचा विनोद समजून घेण्यासाठी वाचक शिकतो, तर दुसऱ्या प्रकाराने तो दारातूनच परत फिरतो.

चहाच्या किटलीचे प्रकरण

या विनोदाच्या परिणामांचा विचार करताना १ एप्रिल १९९८ चा २३२४ क्रमांकाचा दस्तऐवज टाळता येत नाही. लॅरी मॅसिंटर यांनी त्यात इंटरनेटद्वारे कॉफीची भांडी नियंत्रित करण्याचे नियम दिले. संकेतस्थळांची पाने ज्या ‘एचटीटीपी’ पद्धतीने मागवली जातात, तिला वाटेल ती ठिगळे जोडण्याच्या तत्कालीन प्रवृत्तीवर हा शेरा होता. अशा पद्धतीत प्रत्येक उत्तराला क्रमांक असतो. ‘पान सापडले नाही’ या अर्थाचा ४०४ सर्वपरिचित आहे. मॅसिंटर यांनी ४१८ क्रमांक चहाच्या किटलीसाठी योजला. तिच्याकडे कोणी कॉफी मागितली, तर ‘मी चहाची किटली आहे’ असे उत्तर द्यावे. चारशेच्या घरातील क्रमांक मागणाऱ्याची चूक दर्शवतात, म्हणून वर्गीकरणही अचूक आहे. या लेखातील एक उल्लेख मात्र इंग्रजी बालगीतावर विसंबून असल्याने अन्यभाषक वाचकापर्यंत पोहोचत नाही. शुद्ध साच्यावर उभा असलेला विनोद भाषा ओलांडतो आणि बालपणाच्या स्मृतीवर उभा असलेला मागे राहतो, याचे हे एकाच लेखातील उदाहरण आहे.

पुढे अनेक प्रोग्रॅमरांनी कौतुकाने ४१८ ला आपल्या खऱ्या आज्ञावलींत स्थान दिले. २०१७ मध्ये एचटीटीपी कार्यगटाचे अध्यक्ष मार्क नॉटिंगहॅम यांनी तो काढून टाकावा, अशी सूचना काही प्रमुख प्रकल्पांना केली. क्रमांकांची संख्या मर्यादित आहे आणि मानकाचा भाग नसलेल्या क्रमांकाने एक जागा अडवू नये, हा त्यांचा युक्तिवाद तर्कशुद्ध होता. त्यास तीव्र विरोध झाला. अखेर जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९११० क्रमांकाच्या गंभीर, अधिकृत मानकात ४१८ ची नोंद ‘न वापरलेला’ अशी झाली. एका थट्टेच्या दस्तऐवजातून तो इतका पसरला आहे की नजीकच्या काळात त्याला दुसरा अर्थ देता येणार नाही, हे कारणही तेथे नमूद आहे. थट्टेला मानकात जागा मिळाली ती रिकामी खुर्ची म्हणून.

हा थट्टेचा विजय मानावा काय? त्याच वर्षी फेब्रुवारीत, युक्रेनवरील आक्रमणाच्या सुमारास, रशियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर परदेशातून येणाऱ्यांना ४१८ क्रमांकाचा नकार मिळत असल्याचे वृत्त सर्वत्र आले. तो क्रमांक कोणी आणि कोणत्या हेतूने निवडला यापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा आहे. युद्ध पुकारणाऱ्या राज्यसंस्थेने माहितीचे दार बंद करताना किटलीचा मुखवटा धारण केलेला दिसला. ठिगळे लावणाऱ्यांवर हसण्यासाठी जन्मलेला क्रमांक स्वतःच ठिगळ झाला. व्यवस्थेच्या आत जागा मिळाल्यावर विनोदाची टीकाक्षमता टिकेलच, अशी हमी देता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. संगणकतज्ज्ञांचा विनोद मुख्यतः अभिधेच्या काटेकोर पालनातून निर्माण होतो. त्याचा वेष शुद्ध असतो आणि त्या शुद्धतेवरच त्याची परिणामकारकता अवलंबून असते. म्हणून वाइट्झमन यांचा पहिला लेख दुसऱ्यापेक्षा सरस आहे आणि बेलोविन यांचा एक बिट या संपूर्ण परंपरेतील सर्वांत संक्षिप्त व भेदक रचना ठरतो. दुसरे असे की, या विनोदाचे मूल्य त्याच्या दिशेवर ठरते. स्वतःच्या निर्मितीकडे वळलेला असताना तो व्यवसायाची आत्मपरीक्षा करतो. अनभिज्ञ माणसाकडे वळताच तो पहारेकऱ्याचे काम करू लागतो. या दोहोंना ‘गीक संस्कृती’ या एका नावाखाली सरसकट गौरवणे किंवा सरसकट धिक्कारणे, दोन्ही समीक्षादृष्ट्या अपुरे होय.

आज या लेखनापुढे एक नवा वाचक उभा आहे. मे २०२४ मध्ये गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित उत्तरसेवेने पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद मिसळण्याचा सल्ला दिला. त्याचा उगम कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी गमतीने लिहिलेल्या शेऱ्यात असल्याचे आढळले. अशा यंत्रणा आता केवळ आज्ञा पाळत नाहीत. मानवाने लिहिलेले वाचून त्या मानवाला सल्लाही देतात. निर्विकार चेहऱ्याने केलेली थट्टा कोठे संपते, हे ओळखण्याचे काम आजवर वाचकाकडे होते. दिनांक पाहून, लेखकाचे नाव पाहून, विषयाचे ज्ञान वापरून तो ते करीत असे. सल्ला देणारे यंत्र दिनांक आणि नाव गाळून केवळ आशय हाती ठेवते, तेव्हा ११४९ ला क्रिस्पिनपासून चालत आलेल्या परंपरेचा जो आधार होता तो नाहीसा होतो.

परिणामी, मजकूर कोणी, केव्हा, कोणासाठी आणि कोणत्या स्वरात लिहिला, हे विचारण्याची भाषाशिक्षणातील जुनी शिस्त आता संगणकाच्या वर्गातही आवश्यक झाली आहे. ड्रॅगनपुढे ‘होय’ म्हणणारा खेळाडू एका खेळात जिंकला, कारण तेथे हरण्याजोगे काही पणाला नव्हते. गोंदाच्या सल्ल्याला ‘होय’ म्हणणाऱ्या माणसाच्या ताटात मात्र गोंद येतो.